लळा कोण लावतं?

वाचण्याआधी

या पाठात पोकेमॉन आणि डिजिमॉन यांच्याबद्दल वाचायचं आहे, पण त्यांच्या कार्टूनबद्दल नाही. खेळ विकण्यासाठी ज्या छोट्या फिल्म बनवतात, त्यांच्याबद्दल. त्यांत माणसं खरी असतात, रस्ते आणि डोंगर खरे असतात, आणि मधेच एक प्राणी उभा असतो, जो कुठेच नसतो. पाठ लांब आहे. एका बैठकीत संपला नाही तरी हरकत नाही. अवघड शब्द जिथे येतील तिथेच सांगितले आहेत, त्यामुळे शेवटी शब्दांची यादी शोधू नका. एकच विनंती: आधी पाठ वाचा, फिल्म नंतर बघा. फिल्म आधी पाहिलीत तर डोळे तिच्याच मागे धावतील आणि पाठ कंटाळवाणा वाटेल.

राक्षस, ट्रेनर आणि लळा

पोकेमॉन म्हणजे 'पॉकेट मॉन्स्टर' आणि डिजिमॉन म्हणजे 'डिजिटल मॉन्स्टर'. दोन्ही जपानचे. पोकेमॉनचे पहिले खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी आले. ज्यांच्या डोक्यातून ते निघाले, ते सातोशी ताजिरी लहानपणी घराजवळच्या शेतांत आणि तळ्यांच्या काठी किडे गोळा करत फिरायचे. पुढे तिथे शहर वाढलं, इमारती आल्या आणि किडे दिसेनासे झाले. शोधायचं, पकडायचं, मित्राला दाखवायचं, हा आनंद त्यांनी खेळात आणला. दोन गेम बॉय वायरने जोडले की मित्राशी प्राण्यांची अदलाबदल करता यायची.

डिजिमॉन जून १९९७ मध्ये आला. सुरुवातीला ते एक चिमुकलं यंत्र होतं. पडद्यावरच्या प्राण्याला खायला घाला, त्याची घाण साफ करा, आणि मित्राचं यंत्र आपल्या यंत्राला जोडून झुंज लावा. कार्टून मालिका त्यानंतर, १९९९ मध्ये आली.

आता एक गंमत. 'मॉन्स्टर'ला मराठीत काय म्हणाल? शब्दकोशात 'राक्षस' सापडेल. पण आपल्या गोष्टींमधले राक्षस मोठे, बोलणारे, गर्विष्ठ असतात. त्यांना घरदार असतं, कधीकधी राज्यही असतं. गालावर लाल ठिपके असलेल्या पिवळ्या पिकाचूला 'राक्षस' म्हटलंत तर ऐकणारा हसेल. या पाठात आपण सरळ 'प्राणी' म्हणू.

'ट्रेनर'चंही तसंच. 'प्रशिक्षक' हा शब्द बरोबर आहे, पण तो ऐकला की गळ्यात शिट्टी अडकवलेले क्रिकेटचे सर डोळ्यांसमोर येतात. डिजिमॉनमध्ये काही ठिकाणी 'टेमर' असा शब्द वापरतात, आणि त्याच्यासाठी मराठीत फार सुंदर क्रियापद आहे: माणसाळवणे. रानातला प्राणी माणसांच्या सहवासात राहून भित्रेपणा किंवा आक्रमकपणा सोडतो, तेव्हा तो 'माणसाळतो'. शब्दातच 'माणूस' लपलेला आहे, पाहा. आणि माणसाळलेल्या प्राण्याला तुमची इतकी सवय होते की तुम्ही दिसला नाहीत तर त्याला चैन पडत नाही. त्याला तुमचा 'लळा' लागतो.

लळा म्हणजे माया, ओढ, जीव जडणं. कुत्र्याच्या पिल्लाला लागतो, लहान बाळाला लागतो, शेजारच्या काकूंना तुमच्या धाकट्या भावाचा लागतो. वाक्याची रचना नीट पाहा: 'मला पिल्लाचा लळा लागला.' इथे 'मी' काहीच केलेलं नाही. लळा आपला आपण लागला. आता दुसरं वाक्य: 'पिल्लाने मला लळा लावला.' इथे कोणीतरी काहीतरी केलं. 'दार लागलं' आणि 'दार लावलं' यांत जो फरक आहे, तोच. वाऱ्याने दार लागलं की कोणाला विचारायचं नसतं. दार कोणी लावलं, हे मात्र विचारता येतं.

या पाठातल्या फिल्म पाहताना हा 'लागणे' आणि 'लावणे' मधला फरक हाताशी ठेवा. खेळात तुम्हाला प्राण्याचा लळा लागतो. जाहिरात तो तुम्हाला खेळ हातात घेण्याआधीच लावून ठेवते.

बस चेपणारा ड्रायव्हर

१९९८ मध्ये पोकेमॉन अमेरिकेत आला. तिथल्या मुलांना हे नाव माहीतच नव्हतं. मग ओळख कशी करून द्यायची? कंपनीने एका मासिकाच्या वर्गणीदारांच्या घरी एक व्हिडिओ कॅसेट फुकट पाठवली. (तुमच्या आईबाबांना कॅसेट म्हणजे काय ते विचारा, बराच वेळ सांगत बसतील.) त्यात माहिती सांगणारी बाई ही कार्टूनचा नायक अ‍ॅश याची 'आँट जिल' होती. इंग्रजीत आँट म्हटलं की झालं. मराठीत मात्र लगेच प्रश्न उभा राहतो: ही अ‍ॅशची मावशी, आत्या, काकू की मामी? मराठीत सांगायचं तर आधी तिचं नातं ठरवावं लागेल.

त्याच काळातली टीव्हीवरची एक जाहिरात आज पाहिली तर जरा धक्काच बसतो. एक बस ड्रायव्हर गोड बोलून पोकेमॉनना बसमध्ये बसवतो. सगळे खुशीत. बस भंगारवाल्याच्या आवारात जाते आणि गाड्या चेपणारं यंत्र तिला चारी बाजूंनी दाबतं. शेवटी उरतो एवढासा गेम बॉय. म्हणजे सांगायचं होतं इतकंच: एवढे सगळे प्राणी या एवढ्याशा डबीत बसवले आहेत!

या जाहिरातीत लळा बिळा काही नाही. ड्रायव्हर हा सोबती नाही, तो फसवणारा आहे. मला ती आवडत नाही, पण ती एका बाबतीत सरळ आहे. शेवटी हातात काय येणार, ते ती दाखवते: एक डबी, तिचा छोटा पडदा, बास.

थट्टा जी खरी झाली

आता सोळा वर्षं पुढे या. २०१४ चा एप्रिल फूल. गूगलने इंटरनेटवर एक फिल्म टाकली. तिच्यात कंपनीचा एक मोठा अधिकारी अगदी गंभीर चेहऱ्याने सांगतो की आम्हाला आता 'पोकेमॉन मास्टर' या पदासाठी माणूस हवा आहे. मग माणसं डोंगरात, वाळवंटात, जंगलात धडपडताना दिसतात. फोन समोर धरला की समोरच्याच जागेत पोकेमॉन दिसतो. माणूस तो पकडतो.

थट्टा अर्थातच होती. फोनमध्ये गूगलचे नकाशे उघडले तर खरोखर काय मिळत होतं? नकाशावर इथेतिथे विखुरलेली पोकेमॉनची छोटी चित्रं. चित्रावर बोट ठेवलं की पोकेमॉन पकडला. घराबाहेर पडायची गरजच नव्हती. सोफ्यावर पडल्यापडल्या तुम्ही टोकियोतला पोकेमॉन पकडू शकत होता. डोंगर, वाळवंट, कॅमेरा, हे सगळं फक्त फिल्ममध्ये.

तरीही लोकांना प्रश्न पडला: असा खेळ खरंच का नसावा? गूगलच्याच आत तेव्हा निआन्टिक नावाचा एक गट होता. त्याचे प्रमुख जॉन हँके. माणसांनी फोन घेऊन खऱ्या रस्त्यांवर चालावं, असा 'इनग्रेस' नावाचा खेळ त्यांनी आधीच बनवला होता. एप्रिल फूलची कल्पना ज्या इंजिनिअरची होती, ते तात्सुओ नोमुरा पुढे निआन्टिकमध्ये गेले आणि त्या थट्टेतून निघालेल्या खऱ्या खेळावर त्यांनी काम केलं. तोच पोकेमॉन गो.

सहसा आधी वस्तू बनते, मग तिची जाहिरात. इथे जाहिरात आधी झाली, तीही चेष्टेत. वस्तू दोन वर्षांनी आली.

टाइम्स स्क्वेअरमधला म्यूटू

१० सप्टेंबर २०१५ रोजी टोकियोमध्ये पोकेमॉन गोची घोषणा झाली आणि सोबत एक झलक दाखवली. ('झलक' म्हणजे क्षणभर दिसणारं दृश्य. 'ट्रेलर'साठी वर्तमानपत्रं हाच शब्द वापरतात.) ही या पाठातली सर्वांत महत्त्वाची फिल्म आहे, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू.

झलकीत वेगवेगळ्या ठिकाणची माणसं फोन घेऊन निघालेली दिसतात. कोणी निसर्गात, कोणी शहरात. पोकेमॉन पकडतात, एकमेकांशी झुंजवतात, अदलाबदल करतात. शेवट न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअर चौकात होतो. म्यूटू हा फार शक्तिमान पोकेमॉन तिथे येतो. चौकात गर्दी जमते. घड्याळ उलटं धावू लागतं. वेळ संपायच्या आत सगळ्यांनी मिळून त्याला हरवायचं आहे. आणि ते हरवतात. अनोळखी माणसं एकत्र आनंदाने ओरडतात.

मी ही झलक अनेकदा पाहिली आहे आणि तो शेवट आला की अजूनही अंगावर काटा येतो. झलक चांगलीच बनवली आहे, हे आधी मान्य करू. आता तिच्यातली एक चलाखी पाहू. चलाखी म्हणजे हुशारीने केलेली युक्ती. नेहमी वाईटच असते असं नाही.

माणसांच्या हातात फोन आहे. पण प्राणी फोनच्या पडद्यात राहत नाही. तो चौकात उतरतो. तो माणसांपेक्षा उंच आहे, त्याला वजन आहे, त्याचा उजेड आजूबाजूला पडतो. म्हणजे आपण पाहतो ते फोनमधून दिसणारं नाही. फोन धरलेल्या माणसाच्या मनातलं पाहतो. कॅमेरा त्याच्या कल्पनेत शिरलेला आहे.

हे करतात कसं? चित्रीकरणाच्या वेळी नटासमोर काहीच नसतं. काठीच्या टोकाला एक चेंडू अडकवतात आणि नटाला सांगतात, प्राण्याचे डोळे इथे आहेत, इकडे बघ. सगळ्यांची नजर एकाच उंचीवर हवी. एकाने जरी चुकून पोटाकडे पाहिलं, तर प्राणी खोटा वाटतो. त्याच जागी एक करडा आणि एक आरशासारखा चकचकीत गोळा धरून फोटो घेतात, म्हणजे तिथे उजेड कुठून येतो ते कळतं. नंतर कॉम्प्युटरवर प्राणी बनवणारे तोच उजेड त्याच्या अंगावर टाकतात. सगळ्यात कठीण असते पायाखालची सावली. ती नसेल तर प्राणी कितीही छान काढा, तो जमिनीपासून इंचभर वर तरंगतो आणि पाहणाऱ्याला का ते कळत नाही, पण काहीतरी खटकतं.

थोडक्यात, तुम्हाला लळा लागावा म्हणून बरीच माणसं खूप दिवस काम करत असतात. नटाची ती प्रेमळ नजर खरी वाटते. ती काठीवरच्या चेंडूकडे असते.

फेब्रुवारी २०१६ मध्ये, पोकेमॉनला वीस वर्षं झाली तेव्हा, अमेरिकेत सुपर बोल या फुटबॉलच्या मोठ्या सामन्यात आणखी एक जाहिरात लागली. एकाचं पाहून दुसऱ्याला, दुसऱ्याचं पाहून तिसऱ्याला वाटतं, हे मलाही जमेल. धावणारा मुलगा, बुद्धिबळ खेळणारी मुलगी, आणि शेवटी भव्य मैदानात पोकेमॉन. खेळ प्रत्यक्षात कसा दिसतो, याचं तिला फारसं पडलेलंच नाही. ती 'तालीम करा' म्हणते. तिच्याबद्दल एवढं पुरे.

खेळ हातात आल्यावर

६ जुलै २०१६ रोजी पोकेमॉन गो अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये सुरू झाला. ब्रिटनमध्ये १४ जुलैला, जपानमध्ये २२ जुलैला. पुण्या-मुंबईच्या तुमच्या मामे आणि चुलत भावंडांना तो अधिकृतपणे मिळायला १३ डिसेंबर २०१६ उजाडावा लागला. ('उजाडणे' म्हणजे सकाळ होणे. खूप वाट पाहिल्यावर काही मिळालं की असं म्हणतात.) झलकीत मात्र सगळं जग एकाच दिवशी खेळत होतं.

झलकीत जे होतं, त्यातलं त्या दिवशी काय होतं? पोकेमॉन पकडणं होतं. मित्राशी अदलाबदल नव्हती. ती जून २०१८ मध्ये आली. मित्राशी समोरासमोर झुंज डिसेंबर २०१८ मध्ये आली. सगळ्यांनी मिळून एका मोठ्या पोकेमॉनला हरवायची सोय जून २०१७ मध्ये आली, आणि म्यूटू पहिल्यांदा अवतरला तो ऑगस्ट २०१७ मध्ये जपानमधल्या योकोहामात, एका कार्यक्रमात. टाइम्स स्क्वेअर नव्हे.

पण माझ्या मते यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. झलक सोबत्याची होती. तुम्ही आणि तुमचा एक प्राणी. सुरुवातीच्या खेळात मात्र सोबती असा नव्हताच. पिजी नावाचा पक्षी पावलोपावली भेटायचा. तुम्ही तीस पिजी पकडायचात. मग त्यांतले एकोणतीस प्रोफेसरकडे पाठवून द्यायचात आणि प्रत्येकामागे एक कँडी मिळवायचात. कँड्या जमल्या की उरलेल्या पिजीला मोठं करायचं. पाठवलेले पिजी परत येत नाहीत. आता सांगा, यात लळा कुठे बसतो? एखादा पोकेमॉन 'आपला' म्हणून निवडून त्याच्यासोबत चालायची सोय सप्टेंबर २०१६ मध्ये आली. तोही नकाशावर तुमच्या पुतळ्याशेजारी नव्हता. एका छोट्या चित्रात होता.

आणि कॅमेरा? कॅमेऱ्यातून समोरच्या खुर्चीवर बसलेला पोकेमॉन दिसायचा खरा. पण तो नुसता दृश्यावर चिकटवलेला असायचा. खुर्ची हलवा, तो तिथेच हवेत. बॅटरी भराभर संपायची, म्हणून बरेच जण कॅमेरा बंदच ठेवून खेळायचे.

तरीही लोक खेळले. करोडो लोक घराबाहेर पडले. त्या जुलैमध्ये न्यूयॉर्कच्याच सेंट्रल पार्कमध्ये रात्री व्हेपोरिऑन हा दुर्मीळ पोकेमॉन निघाला आणि लोक गाड्या सोडून धावत सुटले. कोणीतरी फोनवर ते चित्रित केलं आणि ते जगभर पाहिलं गेलं. कंपनीने एक पैसाही न देता झालेली ही जाहिरातच म्हणा. आता ही फिल्म आणि टाइम्स स्क्वेअरची झलक मनात शेजारीशेजारी ठेवा. शहर तेच. गर्दी तशीच. आनंदही खरा. पण सेंट्रल पार्कच्या फिल्ममध्ये तुम्हाला व्हेपोरिऑन दिसत नाही. दिसतात ती फक्त माणसं, त्यांचे चेहरे खाली, आणि चेहऱ्यांवर फोनचा उजेड.

झलकीत आणखी एक गोष्ट नसते: त्या जागेचे लोक. चौक रिकामा होऊन खेळासाठी तयार उभा असतो. खऱ्या जागा अशा नसतात. वॉशिंग्टनमध्ये होलोकॉस्टमध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंच्या स्मरणार्थ संग्रहालय आहे. तिथेही पोकेमॉन निघू लागले, आणि कृपा करून इथे खेळू नका, अशी विनंती संग्रहालयाला करावी लागली. जुलै २०१७ मध्ये शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये खेळाचा पहिला मोठा मेळावा भरला. वीस डॉलरचं तिकीट, सुमारे वीस हजार लोक. झलकीतली गर्दी एकदाची प्रत्यक्षात जमली! आणि इतके फोन एकाच जागी आल्यावर नेटवर्क कोलमडलं. कित्येकांना दिवसभर खेळताच आलं नाही. व्यासपीठावर हँके आले तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली. ('हुर्यो उडवणे' म्हणजे ओरडून नाराजी दाखवणे.) तिकिटाचे पैसे परत दिले गेले आणि आलेल्या सगळ्यांना लुगिया हा दुर्मीळ पोकेमॉन दिला गेला.

मग झलक खोटी होती का? मला तसं वाटत नाही. तिच्यातल्या बहुतेक गोष्टी पुढे आल्या, उशिरा का होईना. ती 'आहे' असं न म्हणता 'व्हावं' असं म्हणत होती. अडचण एवढीच की फिल्ममध्ये 'आहे' आणि 'व्हावं' सारखेच दिसतात. मराठीत क्रियापद बदलतं, तसं चित्रात काही बदलत नाही. एप्रिल फूलची थट्टा पाहणाऱ्याला निदान तारखेवरून कळत होतं की यातलं किती मनावर घ्यायचं.

फसवणारी पण न दुखवणारी

शेवटी एक हलकी गोष्ट. मे २०१९ मध्ये 'डिटेक्टिव्ह पिकाचू' हा मोठा सिनेमा आला. त्यातला पिकाचू रायन रेनॉल्ड्स या नटाच्या आवाजात बोलतो. सिनेमा लागायच्या तीन दिवस आधी यूट्यूबवर सुमारे पावणेदोन तासांची एक फिल्म आली. नाव असं, की कोणालाही वाटावं, सगळा सिनेमाच चोरून टाकलाय. रेनॉल्ड्सनेही घाबरल्याचं नाटक केलं. लोक लगबगीने बघायला बसले. पहिलं मिनिटभर सिनेमा, आणि मग उरलेला सगळा वेळ पिकाचू नाचतोय. नुसता नाचतोय. ही फिल्म कंपनीनेच टाकली होती.

ही जाहिरात मला बसवाल्यापेक्षा आणि सुपर बोलपेक्षाही जास्त आवडते. तिने काहीच कबूल केलेलं नव्हतं आणि फुकट सिनेमा बघायला आलेल्यांना चिमटा काढला. शिवाय त्या नाचऱ्या पिकाचूच्या पायाखाली सावली अगदी चोख आहे. बघाल तेव्हा तपासा.

आता तुम्ही

१. '२०१५ ची झलक' आणि '२०१६ चा खेळ' यांतले कोणतेही दोन फरक तुमच्या शब्दांत लिहा. वाक्यात 'मात्र' हा शब्द वापरा. नमुना: झलकीत सगळं जग एकाच दिवशी खेळतं, भारतात मात्र खेळ डिसेंबरमध्ये आला.

२. तुमच्या आवडीच्या खेळाची अशी एखादी फिल्म शोधा, ज्यात खरी माणसं आहेत. आवाज बंद करून पाहा. माणसांच्या हातात काय आहे? ती कुठे बघतात? खेळ पहिल्यांदा जसा आहे तसा किती सेकंदांनी दिसतो? घरी कोणाला तरी हे मराठीतून सांगा. तोंडी चालेल. मधे एखादा इंग्रजी शब्द आला तर अडखळू नका, पुढे चला.

३. सेंट्रल पार्कमध्ये त्या रात्री बाकावर शांतपणे बसलेले एक आजोबा आहेत, अशी कल्पना करा. त्यांनी काय पाहिलं असेल? ते दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना कसं सांगतील? पाच-सहा वाक्यं लिहा. आजोबा बोलत आहेत, हे विसरू नका; 'व्हेपोरिऑन' हा शब्द त्यांना माहीत नाही.

४. खालील वाक्यांत 'लागणे' आहे. जिथे जमेल तिथे 'लावणे' वापरून वाक्य बदला आणि ते कोणी केलं ते सांगा.
दार लागलं.
गवताला आग लागली.
मला त्या खेळाचं वेड लागलं.
बाळाला आजीचा लळा लागला.
मला झोप लागली.

एका वाक्यात 'लावणे' बसणार नाही. ते कोणतं, आणि तिथे मराठीत काय म्हणतात, ते मोठ्यांना विचारा.